रेंज जाते कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत माझ्या एका स्नेह्यांचे घर आहे. घर जांभ्या दगडाचे, मागे डोंगर, पुढे पडवी आणि बाजूला पोफळीची बाग. या पडवीतल्या दुसऱ्या खांबाला एक खिळा ठोकलेला आहे आणि त्या खिळ्याला दिवसभर एक मोबाइल फोन पिशवीत घालून टांगलेला असतो. स्वयंपाकघरात नेला की तो मुका होतो. माजघरात मुका, अंगणात तुळशीपाशी जेमतेम. पण खिळ्यावर मात्र त्याला ‘रेंज’ येते. घंटी वाजली की कोणीतरी धावत येते आणि पिशवीलाच कान लावून मोठमोठ्याने बोलू लागते. फोन खिळ्यावरून काढून हातात घेतला, की बोलणे तुटलेच म्हणून समजा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी तेथे मुक्कामाला होतो. रात्री अकराच्या सुमारास घरातल्या आजींच्या छातीत दुखू लागले. १०८ क्रमांकाला फोन लावून रुग्णवाहिका बोलवायची होती. तीन वेळा फोन लागला आणि तिन्ही वेळा गावाचे नाव सांगून होण्याआधीच तुटला. चौथ्या खेपेस पत्ता पोहोचला. गाडी आली, आजी वाचल्या. पण त्या खांबापाशी उभे राहून ती वीस मिनिटे आम्ही कशी काढली, ते आमचे आम्हांलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला, अर्थात खिळ्यावरूनच. पलीकडच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितले, “आजोबा, आमच्या नकाशावर तुमच्या गावात चांगले नेटवर्क दिसते आहे.” आजोबा म्हणाले, “मग बाई, तुमच्या नकाशातच राहायला येऊ का?”

नकाशा खरा की खिळा खरा? विद्यार्थी मित्रांनो, गंमत अशी की दोन्ही खरे असू शकतात. ते कसे, हे कळण्यासाठी आधी रेंज म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘पल्ला’ असा आहे. आपल्या बोलीत मात्र ती एक चंचल वस्तू झाली आहे. ती येते, जाते, मिळते आणि नेमकी हवी तेव्हा पळते!

तुमच्या हातातला मोबाइल म्हणजे एक चिमुकले नभोवाणी केंद्र आणि एक चिमुकला रेडिओ, दोन्ही एकत्र. बोलताना तो विद्युतचुंबकीय लहरी सोडतो आणि त्याच वेळी मनोऱ्याकडून, म्हणजे टॉवरकडून, येणाऱ्या लहरी पकडतो. या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या. फक्त त्यांची तरंगलांबी पुष्कळ मोठी असते. आपल्या देशात मोबाइलसाठी अनेक वारंवारता वापरात आहेत. ९०० मेगाहर्ट्झची लहर, म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपने करणारी लहर, सुमारे ३३ सेंटीमीटर लांब असते. १८०० मेगाहर्ट्झची १७ सेंटीमीटर. ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे ‘फाइव्ह-जी’ सेवा सुरू झाली. तिच्यातल्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी तर साडेआठ सेंटीमीटरच, म्हणजे जवळजवळ तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढी भरते. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मनोरा काही दशक वॅट शक्तीने लहरी सोडतो. त्यांतले तुमच्या फोनपर्यंत किती पोहोचते? उत्तर ऐकून थक्क व्हाल. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एकचतुर्थांश होते, हा वर्गव्यस्ताचा नियम तुम्ही शिकला असाल. पण जमिनीवर झाडे, घरे, टेकड्या मध्ये येतात आणि तीव्रता याहूनही झपाट्याने घसरते. अंतर दुप्पट झाले तर ती कित्येकदा दहाव्या हिश्शावर येते. म्हणून अभियंते हे मोजमाप ‘डेसिबल’च्या शिडीवर करतात. एक मिलिवॅट म्हणजे शून्य. त्याखाली दर दहा पायऱ्या उतरलो की शक्ती दहापट कमी होते. उणे ८० असेल तर उत्तम, उणे १०० बेताचे, आणि उणे ११० म्हणजे फोन कसाबसा तग धरून आहे असे समजावे. उणे ११० म्हणजे किती? एका मिलिवॅटचा दहा हजार कोटीवा भाग! एवढ्याशा कणातून आजींच्या घराचा पत्ता वेगळा काढायचा, म्हणजे यंत्राच्या कानाची कमालच म्हटली पाहिजे.

पुष्कळ फोनच्या ‘सेटिंग’मध्ये फोनची माहिती आणि त्यात ‘सिम स्टेटस’ अशी नोंद असते. तेथे हा उणे आकडा ‘डीबीएम’ या एककात दिसतो. घरातल्या मोठ्यांच्या परवानगीने तो आजच पाहा. फोनच्या माथ्यावरच्या चार-पाच दांड्यांपेक्षा हा आकडा कितीतरी अधिक प्रामाणिक आहे. किती तीव्रतेला किती दांड्या दाखवायच्या याचा सर्वांनी पाळलेला एक नियम नाही; जो तो फोन बनवणारा आपल्या मताने ठरवतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनवर चार आणि तुमच्या फोनवर दोन दांड्या दिसल्या, तर लगेच वाईट वाटून घेऊ नका.

खिळ्याचे रहस्य

आता त्या खिळ्याकडे वळू. गावातल्या काही मंडळींची समजूत अशी, की लोखंडी खिळाच रेंज ओढून घेतो. तसे काही नाही. लाकडी खुंटी असती तरी चालले असते. महत्त्व त्या जागेला आहे.

त्या वाडीचा मनोरा डोंगरापलीकडे, महामार्गाच्या कडेला आहे. म्हणजे घर लहरींच्या सावलीत येते. पण सावली कधीच पूर्ण काळी नसते. लहरी अडथळ्याच्या कडेवरून थोड्याशा वाकतात. याला विवर्तन म्हणतात. तरंगलांबी जितकी मोठी, तितके वाकणे अधिक. जुन्या नभोवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असत, त्यामुळे त्या डोंगरदऱ्यांतही शिरत. मोबाइलच्या लहरी त्यामानाने आखूड, म्हणून डोंगरापुढे हतबल. त्यातही ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्या वाकतात, ३५०० च्या फारच कमी. ‘फाइव्ह-जी आले, आता आमच्या दरीतही वेग येईल’ अशी आशा धरणाऱ्यांनी कोणत्या वारंवारतेचे ‘फाइव्ह-जी’ आले आहे, हे आधी विचारावे.

तर डोंगराच्या कड्यावरून वाकून आलेली एक लहर, समोरच्या उतारावरून परावर्तित झालेली दुसरी, शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावरून उसळलेली तिसरी, अशा अनेक लहरी त्या घरापाशी येऊन एकमेकींत मिसळतात. तळ्यात दोन खडे एकदम टाकले तर काय होते, आठवून पाहा. जेथे माथ्याला माथा मिळतो तेथे पाणी उंच उसळते. जेथे माथ्याला खोलवा मिळतो तेथे ते निपचित राहते. हेच व्यतिकरण. मोबाइलच्या लहरींत एका ‘उंच’ जागेपासून पुढच्या ‘निपचित’ जागेपर्यंतचे अंतर कित्येकदा अर्ध्या तरंगलांबीहूनही कमी असते. १८०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी म्हणजे आठ-साडेआठ सेंटीमीटर. वीतभर सरकलो की रेंज येते आणि पुन्हा वीतभर सरकलो की जाते, याचे कारण हे. घरातल्या कोणीतरी वर्षभर घरभर फिरून, न कळत एक मोठा प्रयोगच केला होता आणि ‘उंच’ जागा सापडताच तेथे खिळा ठोकला होता.

पण मग फोन हातात घेतल्यावर बोलणे का तुटते? जागा बदलते हे एक कारण. दुसरे कारण आपण स्वतः. आपल्या शरीरात पाण्याचा भाग मोठा, आणि पाणी या लहरी शोषून घेते. फोनची अँटेना मुठीत झाकली गेली आणि डोके शेजारी आले, की काठावर असलेला फोन काठाखाली घसरतो. म्हणून रेंज कमी असलेल्या ठिकाणी फोन खिडकीत ठेवून ‘स्पीकर’वर बोलणे हा उपाय चांगला, मात्र मग सगळ्या वाडीला तुमचे गुपित कळते, त्याला इलाज नाही.

घराच्या भिंतींचाही यात हात आहे. जांभ्याच्या जाड भिंती पावसाळ्यात पाणी पितात आणि लहरीही पितात. शहरातल्या सिमेंटच्या भिंतीत लोखंडी सळ्यांची जाळी असते. पत्र्याचे छप्पर तर लहरींना आरशासारखे परतवते. लिफ्टची पेटी सर्व बाजूंनी धातूची, म्हणून तिचे दार लागताच बोलणे खुंटते. एक सोपा प्रयोग करा. चालू फोन ॲल्युमिनियमच्या पातळ पत्रीत, पोळ्या गुंडाळतात त्या, फट न ठेवता दोन-तीन पदरी गुंडाळा, मिनिटभर थांबा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावा. मग तोच प्रयोग स्टीलच्या डब्यात करून पाहा. मनोरा जवळ असेल तर डब्यातला फोन बहुधा वाजेल. झाकणाच्या फटीकडे नीट पाहा आणि का वाजला असेल याचा विचार करा.

मनोऱ्याची शक्ती का वाढवीत नाहीत?

हा प्रश्न आजोबांनीही विचारला होता. मनोऱ्याने जरा जोर लावला तर डोंगरापलीकडेही ऐकू येणार नाही का?

जत्रेतला ध्वनिक्षेपक आठवा. त्यावरून बोलणारा तुम्हांला अर्ध्या कोसावर ऐकू येतो. पण तुम्ही तेथून ‘ओ’ दिली तर त्याला ऐकू जाईल का? मोबाइलचे अगदी तसेच आहे. मनोरा काही दशक वॅटचा. तुमच्या ‘फोर-जी’ फोनची कमाल शक्ती साधारण एकपंचमांश वॅट. मनोऱ्याचे कान पुष्कळ तिखट केलेले असतात, तरी एका मर्यादेपलीकडे फोनचा आवाज तेथे पोहोचतच नाही. दांड्या दिसताहेत, पलीकडचे बोलणे ऐकू येते आहे, पण आपले त्याला ऐकू जात नाही, हा अनुभव तुम्हांला आला असेल. दांड्या फक्त मनोऱ्याचा आवाज मोजतात, तुमचा नव्हे. दूरच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली सारी शक्ती पणाला लावतो. म्हणूनच कमी रेंजच्या गावात फोन गरम होतो आणि बॅटरी दुपारपर्यंत संपते.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४६ साली अमेरिकेत सेंट लुईस शहरात मोटारीतून बोलता येईल असा दूरध्वनी सुरू झाला. त्या पद्धतीत सबंध शहरासाठी एकच उंच, शक्तिमान प्रक्षेपक असे. पण लहरींचे मार्ग मोजके, आणि एका मार्गावर एका वेळी एकच संभाषण. १९७६ च्या सुमारासही न्यूयॉर्कसारख्या महानगरात अशा दूरध्वनीची जेमतेम साडेपाचशे गिऱ्हाईके होती आणि हजारो लोक प्रतीक्षा यादीत ताटकळत होते. (प्रतीक्षा यादी म्हणजे काय ते आजी-आजोबांना विचारा. आपल्याकडे घरी साधा दूरध्वनी यावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे.)

यावरचा तोडगा बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग आणि रे यंग या अभियंत्यांनी १९४७ मध्येच सुचवला होता. एक मोठा आवाज नको, अनेक लहान आवाज हवेत. शहराचे मधमाशांच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडायचे. प्रत्येक भागाला स्वतंत्र, कमी शक्तीचा मनोरा. एका भागात वापरलेली वारंवारता लगतच्या भागात वापरायची नाही. पण दोन-तीन घरे सोडून पलीकडे तीच पुन्हा खुशाल वापरायची, कारण तेथवर पहिल्याचा आवाज पोहोचतच नाही. या भागाला ‘सेल’ म्हणतात आणि त्यावरूनच ‘सेल्युलर फोन’ हे नाव पडले. पुढे तंत्र सुधारले, आता शेजारच्या घरांतही त्याच वारंवारता कौशल्याने वापरतात, पण मूळ कल्पना तीच. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला पहिला मोबाइल फोन केला, तो याच पोळ्याच्या जोरावर.

आता ध्यानात येईल, की एका मनोऱ्याने आवाज चढवला तर तो शेजारच्या सेलमध्ये घुसतो आणि तेथल्या लोकांच्या बोलण्यात गोंगाट होतो. काही लोक बाजारातून रेंज वाढवणारे यंत्र, ‘बूस्टर’, आणून परस्पर गच्चीवर बसवतात. त्यांच्या घरात रेंज येते खरी. पण ते यंत्र मनोऱ्याच्या कानाशी सतत कोकलत राहते आणि आसपासच्या शेकडो लोकांचे फोन तुटू लागतात. परवानगीवाचून असे यंत्र बसवणे आपल्या देशात गुन्हा आहे, आणि तो का, हे आता सांगायला नको.

दांड्या पूर्ण, तरी काम शून्य

शहरातल्या मुलांची तक्रार निराळी असते. दांड्या पुऱ्या दिसतात, पण चित्रफीत चाक फिरवीत बसते. येथे तीव्रता कमी नसते. वाटेकरी जास्त असतात. एका सेलची एकूण क्षमता ठरलेली असते आणि त्या क्षणी तेथे जितके लोक असतील तितक्यांत ती वाटली जाते. नळाला पाण्याचा दाब चांगला आहे, पण चाळीतले सगळे नळ एकदम उघडले, तर काय होईल? संध्याकाळी आठ ते अकरा, क्रिकेटच्या सामन्याची शेवटची षटके, आषाढीचे पंढरपूर, या वेळी हेच घडते. कुंभमेळ्यासारख्या प्रसंगी कंपन्या ट्रकवर उभे केलेले फिरते मनोरे आणतात, ते एका मोठ्या सेलचे तात्पुरते लहान सेल करण्यासाठी.

पावसाची तक्रार तर सगळ्यांचीच. ‘ढग आले की रेंज जाते’ असे लोक म्हणतात. थेंब काही मिलिमीटरचा आणि मोबाइलची लहर आठ ते चाळीस सेंटीमीटरची, म्हणून फोन आणि मनोरा यांच्यामधला पाऊस फारसा आड येत नाही. पण तुमचे बोलणे मनोऱ्यावर पोहोचल्यावर पुढे कसे जाते? कोठे जमिनीखालच्या काचतंतूंच्या तारेतून, तर कोठे मनोऱ्यावरच्या ढोलकासारख्या गोल तबकडीतून दुसऱ्या मनोऱ्याकडे. या तबकड्यांच्या लहरी एक-दोन सेंटीमीटर लांबीच्या असतात आणि मुसळधार पाऊस त्यांना चांगलाच शोषून घेतो. शिवाय पावसात वीज जाते, आणि मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासच पुरतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतली कित्येक गावे वीज आणि फोन या दोन्हींवाचून अनेक दिवस राहिली. तेव्हा लोकांचे निरीक्षण बरोबर आहे. फक्त दोष आकाशातल्या थेंबाचा की मनोऱ्याच्या बॅटरीचा, हे वेगवेगळे तपासायला हवे.

रेल्वेने जाताना फोन तुटतो, कारण गाडी एका सेलमधून दुसऱ्यात शिरताना संभाषण एका मनोऱ्याने दुसऱ्याच्या हाती सोपवायचे असते, आणि बोगद्यात शिरताच ते सोपवायला कोणी उरत नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तेवढा वेळ खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहावे हे उत्तम.

सरासरीत हरवलेले गाव

आता पुन्हा नकाशा आणि खिळा. कंपनीचा नकाशा बहुतेक हिशेबाने काढलेला असतो. मनोऱ्याची उंची, अँटेनाची दिशा, जमिनीचा चढउतार संगणकाला दिला, की तो प्रत्येक चौकटीत किती तीव्रता असेल याचा अंदाज बांधतो. तो अंदाज उघड्यावरचा. तुमच्या जांभ्याच्या भिंतीचा, गोठ्याच्या पत्र्याचा त्याला पत्ता नसतो. म्हणजे नकाशा अंगणापर्यंत खरा आणि खिळा घरापुरता खरा.

आकड्यांचेही तसेच. शंभर संभाषणांपैकी दोनांहून अधिक तुटता कामा नयेत, असा भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे. पण पूर्वी हा हिशेब सबंध परिमंडळाच्या सरासरीने होई. मुंबई-ठाण्याचा भाग वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ आहे. गडचिरोलीपासून पणजीपर्यंतची सरासरी! वर्गाची सरासरी ७० टक्के आली म्हणून नापास झालेला मुलगा काही पास होत नाही. २०१७ साली प्राधिकरणाने ही चूक ओळखली आणि ९० टक्के सेलनी ९० टक्के दिवशी ही मर्यादा पाळली पाहिजे असा नियम केला. नियम पुष्कळ बरा झाला; तरी उरलेल्या १० टक्क्यांत कोणाची वाडी आहे, हा प्रश्न राहतोच. २०२४ च्या नव्या नियमांनी प्रत्येक कंपनीला आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर उघड ठेवणे भाग पाडले. त्यामुळे आता तुम्ही तो पाहू शकता आणि आपल्या अनुभवाशी ताडूनही पाहू शकता.

मधे एक वेगळा प्रयत्नही झाला होता. २०१५ साली प्राधिकरणाने आदेश काढला, की तुटलेल्या प्रत्येक संभाषणामागे ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. संभाषण तुटण्यामागे कित्येकदा ग्राहकाच्या बाजूचीही कारणे असतात, हा एक मुद्दा त्यात होता. मला स्वतःला तो निकाल वाचून वाईट वाटले होते. पण खिळ्याचा अभ्यास केल्यावर त्यातला तेवढा मुद्दा पटला. तुटलेले संभाषण कोणाच्या खाती मांडायचे, हे मोजल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून आम्ही मोजले. आजोबांच्या नातवाने, तो नववीत आहे, वहीत तक्ता आखला: जागा, तारीख, वेळ, ‘डीबीएम’चा आकडा, फोन लागला की नाही, तुटला की नाही. सकाळ, दुपार, रात्र, असे चौदा दिवस. स्वयंपाकघरात आकडा उणे १२१ च्या आसपास, अंगणात उणे ११६, खिळ्यावर उणे १०८. स्वयंपाकघर आणि खिळा यांत १३ पायऱ्यांचा फरक, म्हणजे सुमारे २० पट. वाडीतल्या आणखी नऊ घरांतले आकडेही त्याने आणले, आणि रात्री रेंज कमी होत नाही, तरी रात्रीच संभाषणे अधिक तुटतात, हे त्याच्याच ध्यानात आले. याचा अर्थ डोंगराच्या सावलीखेरीज गर्दीचाही काही वाटा असावा. तुमच्या गावात, वाड्यात, शाळेत असा तक्ता करणे अवघड नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर एका वर्गाला आठवड्याभरात सबंध गावाचा नकाशा काढता येईल, आणि तो कंपनीच्या नकाशाशेजारी लावून ठेवता येईल.

तक्रारीची रीत साधी आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा; तेथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. नियामक प्राधिकरण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही. ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र खुला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. आणि क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहेच. पण दुसऱ्या कंपनीचा मनोराही डोंगरापलीकडेच असेल, तर बदलून उपयोग काय, हे आधी शेजाऱ्याच्या फोनवरचा आकडा पाहून ठरवावे.

आजोबांनी तो तक्ता तक्रारीला जोडला. अडीच महिन्यांनी कंपनीचा एक तरुण अभियंता मोजमापाचे यंत्र घेऊन वाडीत आला. मनोऱ्यावर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवतात. त्यांतली आमच्या बाजूची अँटेना महामार्गाकडे जास्त वळलेली आणि खाली झुकलेली होती. ती थोडी फिरवली, थोडी वर उचलली. वाडीसाठी वेगळा लहान मनोरा हवा, असेही त्याने अहवालात लिहिले. तो कधी होईल हे त्याला सांगता येईना.

आता माजघराच्या उंबऱ्यापर्यंत फोन चालतो. स्वयंपाकघरात अजून मुकाच आहे. खिळा काढू का, असे नातवाने विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, “राहू दे रे. पावसाळा व्हायचा आहे अजून.”